एका लिटर पेट्रोलचा जमाखर्च : गाडीच्या इंजिनातील ऊर्जेचा हिशेब स्वतः कसा मांडावा

घराचे वीजबिल हाती आले की आपण आधी युनिट पाहतो, मागच्या महिन्याशी ताडतो आणि गिझर जास्त वेळ चालू राहिला का याची घरात चौकशी करतो. गाडीत भरलेल्या पेट्रोलच्या बाबतीत मात्र आपला हिशेब रुपयांपाशी सुरू होतो आणि ‘ॲव्हरेज काय देते’ या एका प्रश्नापाशी संपतो. वास्तविक पेट्रोल हीसुद्धा विकत घेतलेली ऊर्जाच आहे, आणि विजेप्रमाणेच तिचाही जमाखर्च वहीत मांडता येतो. त्यासाठी एक वही, मोबाइलमधील घड्याळ, गाडीचा किलोमीटर दाखवणारा आकडा आणि शाळेत शिकलेला गुणाकार-भागाकार एवढे पुरते. हा हिशेब कसा करायचा आणि तो करताना इंजिनाच्या पोटात नेमके काय घडते, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे नाशिक परिसरातील रस्त्यांची घेतली आहेत, कारण ज्या घाटातून आपण शंभर वेळा गेलो आहोत त्या घाटाचा आकडा चटकन समजतो.

जमेची बाजू : टाकीत नेमके किती आले

ऊर्जा मोजण्याचे शास्त्रीय एकक ज्यूल आहे. दहा लाख ज्यूल म्हणजे एक मेगाज्यूल. वीजबिलातील एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. शुद्ध पेट्रोलचा एक लिटर पूर्ण जळला तर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. आता देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूलच असतात, म्हणून अशा मिश्र पेट्रोलचा लिटर सुमारे ३० मेगाज्यूलचा, म्हणजेच सव्वाआठ युनिटांचा धरावा. डिझेलचा लिटर सुमारे ३६ मेगाज्यूलचा असतो. त्याचे मुख्य कारण डिझेल पेट्रोलपेक्षा जड आहे आणि तेवढ्याच मापात ते वजनाने जास्त येते. सीएनजी किलोवर विकला जातो आणि त्याच्या एका किलोत ५० मेगाज्यूलच्या थोडे आत ऊर्जा असते. त्यामुळे ‘सीएनजीवर ॲव्हरेज जास्त मिळते’ या म्हणण्यात किलो आणि लिटर यांची गल्लत असते, हे वहीत मांडल्याबरोबर लक्षात येते.

किती लिटर जळले हे मोजण्याची एकच भरवशाची रीत आहे, ती म्हणजे टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर गाडी सपाट जागी उभी करावी, नळी आपोआप बंद झाली की थांबावे आणि ‘राउंड फिगर’साठी वर आणखी पेट्रोल ओतू देऊ नये. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीने, त्याच रीतीने टाकी भरावी आणि दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढे मधल्या प्रवासात जळले असे धरावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, निदान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा सोयीचा असला तरी तो संगणकाने केलेला अंदाज असतो आणि वहीतल्या आकड्याशी त्याचा थोडाफार फरक पडतो.

इंजिनाच्या आत काय होते

खर्चाची बाजू मांडण्यापूर्वी ऊर्जेची वाट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे आकडे त्या वाटेवरच्या वळणांवर भेटतात. पेट्रोलच्या रेणूंमध्ये कार्बन आणि हायड्रोजनचे अणू बांधलेले असतात. ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते, आणि या नव्या बांधणीत जी ऊर्जा उरते ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. इंजिन पेट्रोलचे थेट गतीत रूपांतर करते असे आपण सहज बोलून जातो, पण ते खरे नाही. इंजिन आधी पेट्रोलची उष्णता करते, उष्णतेने वायूचा दाब वाढवते आणि त्या दाबाने लोखंड हलवते. मधली ही उष्णतेची पायरी टाळता येत नाही आणि बहुतेक नुकसानही तिच्यामुळेच होते.

जर्मनीतील निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार स्ट्रोकचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले आणि आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच क्रमाने चालतात. पहिल्या स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली येतो आणि सिलिंडर हवा व पेट्रोलचे मिश्रण ओढून घेतो. दुसऱ्यात पिस्टन वर जाऊन ते मिश्रण मूळ जागेच्या दहाव्या-अकराव्या हिश्शात दाबतो. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ज्वाला प्लगपासून चहूकडे पसरत जाते, आतील तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सियसच्या वर चढते आणि दाब झपाट्याने वाढतो. तिसऱ्या स्ट्रोकमध्ये हा दाब पिस्टनला खाली ढकलतो, आणि काम मिळवून देणारा स्ट्रोक हा एवढा एकच असतो. चौथ्यात पिस्टन पुन्हा वर येऊन जळालेला वायू सायलेन्सरकडे हाकलतो. बाकीच्या तीन स्ट्रोकना लागणारी शक्ती फ्लायव्हील या जड चाकाच्या फिरण्यात साठवलेल्या गतिज ऊर्जेतून आणि इतर सिलिंडरांकडून येते.

याला लोक ‘स्फोट’ म्हणतात, पण मला तो शब्द योग्य वाटत नाही. निरोगी इंजिनात पेट्रोल शिस्तीने जळते. मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप भडकला तर खरोखरच स्फोटासारखे होते, चढावर इंजिनातून खडखड ऐकू येते आणि मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. तो आवाज म्हणजे ऊर्जा पिस्टन ढकलण्याऐवजी पिस्टनवर घाव घालण्यात जात असल्याची खूण आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की, इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक स्ट्रोक सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेट्रोल पेटते. पूर्ण जोर लावलेल्या इंजिनात आतील दाब टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वीस पटींहून जास्त होतो. कनेक्टिंग रॉड पिस्टनची ही वरखाली हालचाल क्रँकशाफ्टपर्यंत नेतो आणि तिथे तिचे फिरणे होते. पायडलवर सरळ दिलेला जोर सायकलचे चाक फिरवतो, तसेच हे आहे. पुढे क्लच, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांतून ते फिरणे चाकांपर्यंत जाते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. फक्त हवा आत घेऊन ती पंधरा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबानेच ती डिझेल पेटवण्याइतकी तापते आणि मग इंजेक्टर तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारतो. रुडॉल्फ डिझेल यांचे असे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. या फवाऱ्याची नोझल आणि इंजेक्टर हे सातपूरच्या बॉश कारखान्याचे जुने उत्पादन आहे. तो कारखाना नाशिककरांच्या तोंडी अजून ‘मायको’च आहे आणि मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या कित्येकांच्या घरात या नोझलवर काम केलेले कोणी ना कोणी असते. दाब जास्त असल्यामुळे आणि हवा अडवून धरणारी झडप सहसा वापरावी लागत नसल्यामुळे डिझेल इंजिन त्याच ऊर्जेतून पेट्रोल इंजिनापेक्षा अधिक काम काढते.

एक लिटर मिश्र पेट्रोल जाळण्यासाठी सुमारे १० किलो हवा लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ आहे, म्हणून ही १० किलो हवा साधारण नऊ हजार लिटर भरते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या हवा एका लिटरमागे इंजिन ओढून घेते. एअर फिल्टर वेळेवर बदलावा असे का म्हणतात ते यावरून कळावे. बाहेर पडताना दोन किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड आणि जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात निघते. निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात आणि पांढरी वाफ दिसते, ती हीच. इंजिन तापल्यावर ती नाहीशी होते. ती होत नसेल आणि रेडिएटरमधले पाणी मात्र कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

सगळी उष्णता कामी का येत नाही

हा प्रश्न मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि इथे थोडे थांबायला हवे. उष्णतेतून काम काढायचे तर ती उष्ण जागेकडून थंड जागेकडे वाहिली पाहिजे आणि वाहताना तिचा काही भाग थंड जागेला द्यावाच लागतो. साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये हे मांडले. पाण्याच्या चक्कीत पाणी वरून खाली पडते म्हणून चक्की फिरते आणि पडलेले पाणी खाली वाहून जावेच लागते, तसा हा प्रकार आहे. यंत्र कितीही सुबक घडवले तरी हे देणे चुकत नाही. मिश्रण दहापट दाबणारे, घर्षण नसलेले, भिंतीतून उष्णता न गळणारे कल्पनेतले ओटो इंजिनसुद्धा जास्तीत जास्त ६० टक्के उष्णता कामात बदलू शकते. खऱ्या इंजिनात भिंती उष्णता खातात, ज्वालेला वेळ लागतो, पिस्टन रिंग घासतात, आणि चांगल्या पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता त्याच्या सर्वांत अनुकूल वेगाला व भाराला ३० ते ३६ टक्क्यांच्या आसपास थांबते. शहरात ती विसाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते.

नाशिकरोडकडून एकलहऱ्याच्या बाजूला पाहिले तर औष्णिक वीज केंद्राचे रुंद मनोरे दिसतात. तिथे कोळशाच्या उष्णतेने वाफ करून टर्बाइन फिरवतात आणि उरलेली उष्णता त्या मनोऱ्यांतून हवेत सोडतात. गाडीचा रेडिएटर म्हणजे त्याच मनोऱ्याचे लहान भावंड आहे. दोघांनाही तोच नियम लागू आहे, आणि मनोरा किंवा रेडिएटर काढून टाकला तर यंत्र अधिक कार्यक्षम न होता बंद पडते.

खर्चाची बाजू : रस्त्याने किती घेतले

चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा चार ठिकाणी खर्च होते : टायरचा विरोध, हवेचा विरोध, चढ आणि ब्रेक. प्रत्येकाचा आकडा काढता येतो. माणसे व सामान धरून १२०० किलो भरणारी लहान कार उदाहरणादाखल घेऊ.

टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो, या दबण्यात ऊर्जा जाते. चांगल्या डांबरी रस्त्यावर हा विरोध वजनाच्या सुमारे एक-सव्वा टक्का, म्हणजे आपल्या गाडीसाठी १४० न्यूटनच्या (न्यूटन हे जोर मोजण्याचे एकक) आसपास असतो. वेग वाढला तरी त्यात फारसा फरक पडत नाही, पण टायरमधील हवा कमी असेल तर तो वाढतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या कारला तो ताशी ५० किलोमीटरला सुमारे ७५ न्यूटन, ८० ला १९० आणि १०० ला जवळजवळ ३०० न्यूटन भरतो. म्हणजे गंगापूर रोडवर गाडी मुख्यतः टायरशी झगडते आणि मुंबई-आग्रा महामार्गावर मुख्यतः हवेशी. न्यूटनचा आकडा मीटरने गुणला की ज्यूल मिळतात. ८० च्या वेगाला एकूण ३३० न्यूटन धरले तर दर किलोमीटरला ०.३३ मेगाज्यूल लागतात.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेण्यापेक्षा स्वतःच्या गाडीचे काढणे केव्हाही चांगले. सकाळी लवकर, सरळ, सपाट आणि पूर्ण रिकामा रस्ता पाहावा, सोबत घड्याळ धरणारा कोणीतरी असावा. इंजिन चालू ठेवूनच ताशी ६५ चा वेग घ्यावा, गिअर न्यूट्रल करावा आणि काटा ६० वरून ५० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. मग उलट दिशेने जाऊन हेच पुन्हा करावे आणि दोन्हींची सरासरी घ्यावी, म्हणजे वाऱ्याचा आणि न दिसणाऱ्या उताराचा परिणाम निघून जातो. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर, त्याला गाडीच्या किलोतील वजनाने गुणून सेकंदांनी भागले की एकूण विरोध न्यूटनमध्ये मिळतो. आपल्या उदाहरणातील गाडीला १४-१५ सेकंद लागावेत. तुमच्या गाडीला दहाच सेकंद लागले तर टायरमधील हवा, चिकटून राहिलेले ब्रेक आणि व्हील अलाइनमेंट या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. घाटात, रहदारीत किंवा इंजिन बंद करून हा प्रयोग करू नये, कारण इंजिन बंद होताच ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.

चढाचा हिशेब सर्वांत सोपा आहे. कसाऱ्याहून इगतपुरीला घाट चढताना गाडी सुमारे ३०० मीटर वर येते. १२०० किलो, गुरुत्वाकर्षणाचा ९.८ हा आकडा आणि ३०० मीटर यांचा गुणाकार सुमारे ३५ लाख ज्यूल होतो, म्हणजे साडेतीन मेगाज्यूल, म्हणजे जवळपास बरोबर एक युनिट. माणसांनी भरलेली गाडी अख्खा कसारा घाट चढवायला वीजबिलातले एक युनिट पुरते, हे पहिल्यांदा मांडले तेव्हा मी गुणाकार तीनदा तपासला होता. इंजिन मात्र त्यासाठी निव्वळ चढापोटी चारशे ते पाचशे मिलिलिटर पेट्रोल जास्तीचे घेते, कारण दर चार भागांतले तीन भाग ते वाटेत उष्णता म्हणून टाकते.

उतरताना तीच एक युनिट स्थितिज ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. ती सगळी ब्रेकने खाल्ली तर डिस्क आणि ड्रममध्ये दहा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. ब्रेकचा जळका वास येतो आणि ब्रेक सैल पडतात ते यामुळे. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक पेट्रोलचा पुरवठा पूर्ण थांबवतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात, त्यामुळे ऊर्जा इंजिनाच्या घर्षणात जिरते. ‘न्यूट्रलवर उतरलो की पेट्रोल वाचते’ ही समजूत आता उलटी झाली आहे : न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू राहण्यापुरते पेट्रोल जळतच राहते आणि वेग आवरण्याचा सगळा भारही ब्रेकवर येतो.

शहरात मुख्य खर्च ब्रेकचा असतो. ताशी ४० च्या वेगाला आपल्या गाडीत सुमारे ७४ हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. द्वारका चौकात दिवा लाल झाला आणि आपण ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन जाते आणि दिवा हिरवा झाल्यावर ती पुन्हा पेट्रोलमधून विकत घ्यावी लागते. शहरातील कार्यक्षमता २० टक्के धरली तर एका थांब्याची किंमत सुमारे १२ मिलिलिटर पेट्रोल होते. मुंबई नाक्यापासून पंचवटीपर्यंत दहा वेळा असे थांबलो तर १२० मिलिलिटर नुसते ब्रेक तापवण्यात गेले. लांबून लाल दिवा दिसताच पाय आधीच काढून घेणाऱ्या चालकाचा ॲव्हरेज चांगला का असतो याचे उत्तर या आकड्यात आहे. हायब्रिड गाड्या थांबताना मोटरला जनित्रासारखे चालवून या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरतात, म्हणून त्यांचा खरा फायदा शहरातच दिसतो.

बसलेल्या टाकीचा ताळमेळ

आता जमा आणि खर्च शेजारी ठेवू. समजा नाशिकहून सिन्नरमार्गे शिर्डीला जाऊन आलो, एकूण १८० किलोमीटर झाले आणि टाकीत नऊ लिटर बसले. हिशेबासाठी असाच जाऊन-येऊन प्रवास निवडावा, कारण सुरुवातीची आणि शेवटची उंची एकच असली की चढउताराचा मोठा भाग वजा होतो. जमेला नऊ गुणिले ३०, म्हणजे २७० मेगाज्यूल, अर्थात ७५ युनिट. खर्चाला सरासरी ७० च्या वेगाचे एकूण २९० न्यूटन गुणिले एक लाख ऐंशी हजार मीटर, म्हणजे सुमारे ५२ मेगाज्यूल. वाटेत तीस वेळा थांबलो असे धरले तर आणखी दोन. एकूण ५४. भागाकार केला की २० टक्के येतात. पंच्याहत्तर युनिट विकत घेतली आणि रस्त्याला पंधरा मिळाली.

उरलेली साठ कुठे गेली? ढोबळमानाने एकूण ऊर्जेचा तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून गरम वायूबरोबर गेला आणि जवळजवळ तेवढाच रेडिएटरमधून व इंजिनाच्या तापलेल्या अंगावरून हवेत गेला. राहिलेल्यात इंजिनाच्या भागांचे घर्षण, अर्धवट उघड्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवा अडवून धरणाऱ्या झडपेतून, हवा ओढण्याचे कष्ट, गिअरबॉक्स, एसी आणि अल्टरनेटर येतात. थ्रॉटलचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. हलका पाय ठेवून खालच्या गिअरमध्ये गाडी चालवली तर इंजिनाला जवळजवळ बंद दारातून श्वास घ्यावा लागतो आणि त्यातच बरीच शक्ती जाते. म्हणून सपाट रस्त्यावर इंजिन गुरगुरणार नाही किंवा थरथरणार नाही इतपत वरचा गिअर ठेवणे फायद्याचे असते.

विजेचा भाग आकाराने लहान असला तरी फार महाग पडतो. अल्टरनेटर क्रँकशाफ्टच्या फिरण्यातून वीज करतो आणि त्याची स्वतःची कार्यक्षमता साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. इंजिनाचे नुकसान आणि अल्टरनेटरचे नुकसान एकत्र धरले तर गाडीत एक युनिट वीज तयार करायला पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल लागते. हॅलोजनचे दोन हेडलाइट तासभर चालले तर सुमारे १०० मिलिलिटर जातात. अर्थात रात्री दिवे कमी लावावेत असा याचा अर्थ नाही. जे अनावश्यक जोडलेले असते, मोठे ॲम्प्लिफायर किंवा जादा दिवे, त्यांचाच विचार करावा. एसीचा कॉम्प्रेसर यापेक्षा कितीतरी जास्त, दोन-तीन हजार वॉटपर्यंत ओढू शकतो. उन्हात तापलेल्या गाडीची दारे मिनिटभर उघडी ठेवून आतली गरम हवा बाहेर जाऊ दिली तर त्याचे काम पुष्कळ हलके होते. गाडी उभी ठेवून नुसते इंजिन चालू ठेवले तर लहान गाडीसुद्धा दहा मिनिटांत १०० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल घेते आणि त्या वेळेपुरती चाकांची कार्यक्षमता शून्य असते. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच चालू ठेवू नये, कारण अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावाचून जीव घेतो.

वाया जाणारी उष्णता कमी करण्याच्या नादात रेडिएटरकडची व्यवस्था बिघडवू नये, हे मला अनुभवाने सांगायचे आहे. माझ्या जुन्या गाडीचे इंजिन एकदा घाटात तापले, तेव्हा एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकण्यात आला आणि ‘आता कधीच तापणार नाही’ असे सांगण्यात आले. इंजिन खरोखरच तापेनासे झाले, पण वहीत ॲव्हरेज पुढच्या तीन टाक्यांत सतत कमी दिसू लागला. हा व्हॉल्व्ह कूलंट ८० ते ९० अंशांपर्यंत पोहोचेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरतो. तो नसला की इंजिन थंडच राहते, ऑइल घट्ट राहते, घर्षण वाढते आणि इंजिन थंड आहे असे समजून संगणक पेट्रोल जास्त सोडतो. नवा व्हॉल्व्ह आणि चोंदलेल्या रेडिएटरची सफाई, एवढाच उपाय होता. थंड इंजिनावर केलेल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांतही असेच घडते, म्हणून भाजी, दूध आणि शाळा ही कामे एकाच फेरीत बसवणे हिशेबात ठळक दिसते. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतो आणि झाकण सुटताच उसळून अंगावर येतो.

वहीत प्रत्येक टाकीसाठी सहा रकाने आखावेत : तारीख, किलोमीटर, लिटर, लिटरमागे किलोमीटर, जमेचे मेगाज्यूल आणि प्रवासाचा प्रकार, म्हणजे शहर, महामार्ग की घाट. पहिल्या तीन टाक्या नेहमीच्या सवयीने चालवाव्यात. चौथ्या टाकीला एकच गोष्ट बदलावी. ती टायरच्या हवेपासून सुरू करणे सर्वांत सोपे, आणि हवा चालकाच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवरील आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. पाचव्या टाकीला महामार्गावरचा वेग १०० वरून ८० वर आणून पाहावे. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने किती युनिट वाचली हे वही सांगू शकत नाही.